चौथा चाकर

तालंतांच्या दाखल्यातल्या तिसऱ्या चाकराची मला लहानपणापासून कणव येते. आमच्या संडे स्कूलच्या बाई फळ्यावर तीन माणसं काढत. पहिल्याजवळ पाच थैल्या, दुसऱ्याजवळ दोन, तिसऱ्याजवळ एक थैली आणि कुदळ. पहिल्या दोघांनी धन्याचे पैसे दुप्पट केले, तिसऱ्यानं पुरून ठेवले, तो आळशी, म्हणून त्याला बाहेरच्या अंधारात टाकलं. गोष्ट संपली, आता सुवर्णवचन पाठ करा. माझी नजर मात्र त्या कुदळीवरून हलत नसे. आळशी माणूस खड्डा खणत बसेल कशाला? आमच्या नगरच्या मुरमाड जमिनीत हातभर खणायचं तर तळहाताला फोड येतात.

मोठेपणी मत्तयाचा पंचविसावा अध्याय सावकाश वाचला, तेव्हा कुठे उलगडा झाला. धनी त्याला आळशी म्हणतो हे खरं, पण चाकर स्वतः वेगळंच कारण देतो. तो भ्याला होता. आणि भिण्यासारखंच होतं. एक तालंत म्हणजे ६,००० दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. सब्बाथ आणि सणवार वगळले, तर वीसेक वर्षांची मजुरी झाली. एवढी रक्कम जन्मात पहिल्यांदा हाती आलेल्या नोकरानं ती व्यापारात घालावी की जपावी? पैसा राखायचा तर जमिनीतच, असं मत तालमुदातही नोंदलेलं आहे. म्हणजे चाकर रीतीनं वागला. धनी परत आल्यावर त्यानं एकही नाणं कमी न करता थैली पुढे ठेवली. आजच्या ऑडिटरनं त्याच्या वहीवर डोळे मिटून सही केली असती.

मग त्याचं बिघडलं कुठे? मला वाटतं, ते खड्डा खणण्याच्या आधीच बिघडलं होतं. धनी कठोर आहे, न पेरलेलंही कापून नेणारा आहे, असं तो धन्याच्या तोंडावर सांगतो. बाकीचे दोघे असं काही म्हणत नाहीत. तिघांचा धनी एकच, तिघांनाही त्यानं लेखी करार न करता, तारण न घेता पैसे सोपवले आणि तो दूरदेशी निघून गेला. एवढा विश्वास टाकणाऱ्या माणसाबद्दल तिसऱ्याच्या मनात मात्र सावकाराचं चित्र होतं. त्या चित्राला भिऊन त्यानं कुदळ उचलली.

या दाखल्यात मला नेहमी आणखी एक माणूस हवासा वाटतो. चौथा चाकर. त्यानंही पैसे घेतले, बाजारात गेला, मन लावून व्यापार केला आणि बुडाला. गलबत फुटलं म्हणा, दुष्काळ पडला म्हणा. धनी परत आला तेव्हा तो रिकाम्या हातांनी समोर उभा राहिला. धनी त्याला काय म्हणाला असता? येशूनं हा चौथा माणूस गोष्टीत घातला असता, तर आपल्यापैकी पुष्कळांच्या रात्री जरा सोप्या गेल्या असत्या.

माझा भाचा पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होता. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचं, सकाळी अभ्यासिका, दुपारी मेसचा डबा, रात्री पुन्हा अभ्यासिका. त्या गल्ल्यांमध्ये हजारो मुलं अशी राहतात आणि जागा निघतात मूठभर. गावाकडे आईवडील लोकांना सांगत असतात, "पोरगं पुण्याला आहे." या वाक्यात किती अभिमान आणि किती धाक भरलेला असतो, हे त्या पोराला विचारावं. मुख्य परीक्षेच्या आदल्या आठवड्यात त्याचा फोन आला. आधी नेहमीसारखं "मावशी, प्रार्थना कर गं" म्हणाला. मग थोडा वेळ काहीच बोलला नाही, आणि एकदम विचारलं, "नाही झालं तर गं? देवानं ऐकलं नाही असं समजायचं, की मीच कमी पडलो असं?"

प्रश्न बिनतोड होता. अपयश आलं की विश्वासणाऱ्याला एका दुःखाची दोन दुःखं होतात. बाकीच्यांची फक्त परीक्षा जाते. याच्या मनात परीक्षेबरोबर देवाशी असलेलं नातंही नापास होतं. मी त्याला म्हटलं, "जेवलास का?" त्या घटकेला दुसरं सुचलं नाही, आणि फोनवर धर्मशास्त्र सांगू नये असं माझं मत आहे. पण प्रश्न माझ्यापाशी राहिला, आणि त्या दिवसांत मी पुन्हा पंडिता रमाबाई वाचायला घेतल्या.

रमाबाई म्हटलं की आपल्याला मानसन्मान आठवतात. १८७८ साली कलकत्त्याला मिळालेल्या 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या, हंटर कमिशनपुढची साक्ष, अमेरिकेतली व्याख्यानं, केडगावचं मुक्ती मिशन. तेच आयुष्य उलट्या बाजूनं वाचून पाहावं. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचं कुटुंब पोथ्या सांगत तीर्थातीर्थांना हिंडत होतं, आणि त्या भटकंतीत, अन्नान्नदशेत आई, वडील, थोरली बहीण गेली. पुढे भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं आणि दोन वर्षं व्हायच्या आत पटकीनं तेही गेले. पदरात तान्ही मनोरमा. डॉक्टर व्हायचं म्हणून १८८३ साली इंग्लंड गाठलं, तर कानांनी दगा दिला. ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकीचा विचार सोडून द्यावा लागला. समुद्र ओलांडून ज्यासाठी गेल्या, तेच राहून गेलं. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेजला त्यांचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

आता आपल्याला वाटेल, इथून भीती संपली असेल. तसं झालं नाही, आणि हे खुद्द त्यांनीच लिहून ठेवलं म्हणून मला त्या जवळच्या वाटतात. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात, की बाप्तिस्म्यानं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ज्याच्यावरून तो धर्म, तो ख्रिस्त मिळायला पुढे आणखी आठेक वर्षं जावी लागली. विद्वत्तेला पटलेलं काळजात उतरायला एवढा काळ. ही कबुली देताना त्या मुक्तीच्या प्रमुख होत्या, जगभर त्यांचं नाव होतं. मधली आठ वर्षं झाकून टाकता आली असती.

मधल्या काळात ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदासदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी पुण्याला आलं. तिथल्या पहिल्यावहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून त्या आनंदीबाई झाल्या. अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशननं दहा वर्षं पैसा पुरवायचं कबूल केलं होतं, पुण्यातले थोर सुधारक सल्लागार मंडळात होते. आणि १८९३ साली सगळं कोसळलं. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेबरोबर प्रार्थना करत, तेव्हा दार उघडं असे आणि मुली आपल्या पायांनी आत येऊन बसत. एवढ्यावरून धर्मांतराचा गहजब झाला, 'केसरी'नं झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. रानडे-भांडारकरांची बाजूही समजून घेण्यासारखी आहे. संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील या भरवशावर त्यांनी आपली पत पणाला लावली होती, आणि दुसऱ्याची लेक ठेवून घेतलेल्या माणसाला बाहेर उत्तरं द्यावी लागतात. पण रमाबाईंच्या जागी उभं राहून पाहिलं, तर चार वर्षं चालवलेली शाळा डोळ्यांदेखत रिकामी होत होती. दार लावून घेतलं असतं, तर प्रकरण मिटलंही असतं. त्यांनी दार उघडंच ठेवलं.

मला इथे सारखा तो तिसरा चाकर आठवतो. शारदासदन जपण्याचा शहाणपणाचा मार्ग त्यांच्यापुढे होता: प्रार्थना पुरून ठेवायची. धन्याचं चित्र कठोर असतं, तर बाईंनी संस्था वाचवलीही असती. पण १८९१ च्या सुमाराला त्यांच्या मनातलं चित्र बदललं होतं. आपल्या कर्तबगारीवर खूश होणारा किंवा आपल्या अपयशावर रुसणारा देव त्यांच्यापुढे आता नव्हता.

पुढचा भाग तर कुणी योजनापूर्वक केला असता, तर त्याला वेडा म्हटलं असतं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, रोगट, बेवारस मुली शेकड्यांनी घेऊन आल्या. स्वतःच्या आईवडिलांना त्यांनी भुकेनं जाताना पाहिलं होतं. त्या मुलींकडे पाठ फिरवणं त्यांना शक्यच नव्हतं. पुण्यात तेव्हा प्लेग. एवढ्या मुली शहरात ठेवायला सरकारी मनाई. मग केडगावला फळबागेसाठी घेऊन ठेवलेल्या माळावर झोपड्या बांधल्या आणि मुलींना तिथे नेलं. बागेच्या उत्पन्नावर शाळा स्वावलंबी व्हावी असा मूळ बेत होता. झाडं फळावर येण्याआधी त्या जमिनीवर माणसं येऊन राहिली. मुक्ती सदन उभं राहिलं ते असं, शहरातून बाहेर काढल्यामुळे. त्यात १८९८ साली असोसिएशनची कबुलीची दहा वर्षं संपली. ठरलेला पैसा थांबण्याच्या वेळीच तोंडं कित्येक पटींनी वाढलेली.

ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरचं चरित्र रमाबाईंनी वाचलं होतं. म्यूलरनं १८३६ पासून अनाथालयं चालवली, हयातीत १०,००० हून अधिक मुलं सांभाळली आणि पैसे मागायचे ते फक्त देवाकडे, हा नेम पाळला. रमाबाईंनी तोच वसा घेतला. मात्र त्यांच्या भरवशाला घट्टे पडलेले हात होते. त्या कोरड्या माळावर विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, गाईगुरं आली, हातमाग बसले, तेलाचा घाणा बसला, छापखाना निघाला. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे दीड-दोन हजार बायका-मुली राहत होत्या. आज बरेच लोक 'देवावर सोडलं' म्हणतात आणि हात झाडून मोकळे होतात. केडगावात देवावर सोडलेली गोष्ट एकच होती, उद्याचा निकाल. आजचं दळण मुलीच दळत होत्या.

आणि मग बायबलचं भाषांतर. माझ्या चौथ्या चाकराला चेहरा मिळतो तो इथे. प्रचलित मराठी बायबल खेड्यातल्या अडाणी बाईला कळत नाही, म्हणून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत सगळं पवित्र शास्त्र आणायचं, असं त्यांनी मनावर घेतलं. वय पन्नाशीकडे झुकलेलं, कान जवळजवळ गेलेले, अंगावर हजारोंचा संसार. संस्कृतची एवढी पंडिता, पण संस्कृत शब्दांचा मोह आवरून तिनं दळणकांडणाची मराठी धरली. वर्षामागून वर्षं त्यात गेली. मुक्तीतल्या मुलींनीच खिळे जुळवले, मुलींनीच छापलं. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली, चाळिशीत. जिच्या हाती सगळं सोपवायचं, तीच आधी गेली. तरी मुद्रितं तपासणं थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झालं.

आज आमच्या चर्चमध्ये ते वाचलं जात नाही. बायबल सोसायटीचं भाषांतर रुळलं, तेच राहिलं. रमाबाईंचं बायबल अभ्यासक उघडतात, प्रबंधांत त्याचा उल्लेख येतो. ज्या खेड्यातल्या बाईसाठी एवढा आटापिटा केला, तिच्या उशाशी ते पोचलं नाही. जमाखर्च मांडणाऱ्यानं इथे 'बुडीत' असा शेरा मारावा. मला तसं वाटत नाही, पण का वाटत नाही हे पटवून देण्याजोगा पुरावा माझ्याजवळ नाही. मला एवढंच दिसतं, की हे काम चालेल की नाही या चिंतेनं बाईंनी एकही पान घाईनं उरकलेलं नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचंही तसंच काहीसं. ९ मे १९१९ ला रेव्हरंड टिळक गेले तेव्हा 'ख्रिस्तायन' अपुरं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईनं नवऱ्यासारख्या कवीचं महाकाव्य पुढे न्यायला घेतलं आणि उरलेल्या अध्यायांतले बहुतेक लिहून काढले. छापलेलं पाहायला त्या नव्हत्या. त्या १९३६ साली गेल्या, पुस्तक १९३८ साली आलं. लोक हसतील या भीतीचा त्यांनी काय बंदोबस्त केला असेल? 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना उत्तर ठाऊक आहे: लोकांच्या आधी त्या स्वतःच हसून घेत.

भीती जाते म्हणजे नेमकं काय होतं, याचा विचार करताना मला माझे आजोबा आठवतात. राहुरीकडची जिरायत जमीन, सगळी मदार वरच्या पाण्यावर. पेरणीच्या दिवशी पाभर जुंपून झाली की ते टोपी काढून उभे राहत, दोन शब्द प्रार्थना करत आणि मग चाड्यावर मूठ धरत. पाऊस ओढ देऊन बसला, तर दुबार पेरणीला बियाणं कुठून आणायचं, हे त्यांना त्या घडीला माहीत नसे. आजी सांगायची, पेरून झाल्यावर ते रात्री उठून उठून आभाळ बघत. म्हणजे प्रार्थनेनं त्यांची झोप परत आली नव्हती. पण धास्तीमुळे बियाणं कणगीत राहिलं, असं एकही वर्ष गेलं नाही. येशूचा पेरणारा तरी दुसरं काय करतो? त्याचं बी वाटेवर सांडतं, खडकावर करपतं, काट्यांत गुदमरतं. तरी त्याचा हात आखडत नाही.

भीतीवर मात म्हणजे निर्भय होणं, असं पुष्कळ उपदेशांतून ऐकवलं जातं. मला ते शास्त्राला धरून वाटत नाही. गेथशेमाने बागेत स्वतः प्रभू व्याकूळ झाला होता, प्याला टळावा म्हणून त्यानं विनवणी केली, मित्रांना जागं राहायला सांगितलं आणि ते झोपले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यरुशलेमात कुणालाही विचारलं असतं, तर नासरेथच्या त्या माणसाचं सगळं फसलं, असंच उत्तर मिळालं असतं. ज्या धर्माच्या मध्यभागी हा शुक्रवार आहे, त्यानं अपयशाची एवढी लाज बाळगावी याचं मला नवल वाटतं. देवावर भरवसा म्हणजे यशाचा विमा नव्हे, हे आम्हाला क्रुसाकडे बघून तरी कळायला हवं होतं. भरवसा एवढाच, की निकाल काहीही लागो, धनी हातात चाबूक घेऊन दाराशी उभा नाही. चौथ्या चाकराला घरात घेतलं जाईल, यावर माझा विश्वास आहे. उधळ्या पुत्राचा बाप रस्त्याकडे डोळे लावून बसतो. त्या पुत्रानं तर आपल्या वाट्याची सगळी इस्टेट चैनीत उडवली होती. मग व्यापारात बुडालेल्याला दार बंद कसं असेल?

भाच्याचा निकाल लागला. यादीत त्याचं नाव नव्हतं. तो घरी आला, दोन दिवस झोपला, मग वडिलांबरोबर शेतावर जाऊ लागला. पण रविवारी उपासनेला येईना. मी विचारलं तर म्हणाला, "मावशी, देवाचं काही नाही गं. बाहेर पडताना सगळे विचारतात ना, काय रे, काय झालं?"

हे ऐकून मला आमच्या मंडळीचाच विचार करावा लागला. आभारप्रदर्शनाच्या उपासनेत आपण साक्षी घेतो. नोकरी लागली, व्हिसा मिळाला, ऑपरेशन नीट झालं, मुलगी मेडिकलला लागली. सगळ्या साक्षी खऱ्या असतात आणि त्या व्हाव्यातच. पण वर्षानुवर्षं त्याच ऐकून मागच्या बाकावरचा मुलगा मनात एक हिशेब पक्का करतो: ज्याचं काम झालं, त्याचं देवानं ऐकलं. त्याला दुसरं सांगणारं कुणी पुढे येतच नाही. नापास झालेला, धंदा मोडलेला, लग्न जमलं नाही म्हणून कोपऱ्यात बसणारी, असं कुणी व्यासपीठावर चढून 'माझं झालं नाही आणि तरी प्रभू माझ्याबरोबर आहे' असं म्हटल्याचं मला आठवत नाही. तिसरा चाकर आपण असाच तयार करतो. पडणाऱ्याला जागा नसेल, तर पोरं पडण्याची जोखीम घेतीलच कशी? ती आपली थैली मुकाट्यानं पुरून टाकतील.

म्हणून पाळकसाहेबांना आणि मंडळीच्या वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे. येत्या आभारप्रदर्शनाला साक्षीसाठी नावं घ्याल, तेव्हा एक नाव ज्याचं काम झालेलं नाही अशा माणसाचं घ्या. त्याला आधी घरी जाऊन भेटा, तो तयार असेल तरच बोलवा. आणि तो बोलून खाली बसला, की कृपा करून त्याला उपदेश करू नका.